चौदा वस्तूंची यादी आणि बिल कोणाचं?

प्रश्न

पत्र एका आजींचं आहे. वय ६३, पतिपत्नी दोघंही निवृत्त. मुलगी पुढच्या महिन्यात पुन्हा नोकरीवर रुजू होते आहे. नात नऊ महिन्यांची, नुकतीच रांगायला लागलेली. आठवड्यातले दोन दिवस नातीला आपण सांभाळू, असं आजींनीच आपणहून सुचवलं होतं. गेल्या आठवड्यात मुलीनं फोनवर चौदा वस्तूंची यादी पाठवली. जिन्याला वर आणि खाली फाटक, कपाटं भिंतीला बांधायचे पट्टे, ड्रॉवरची कुलपं, सॉकेटची झाकणं, टेबलाच्या कोपऱ्यांना लावायचा फोम, घडीचा पलंग, उंच खुर्ची, आजोबांच्या गाडीत बसवायला दुसरी कार सीट, हॉलमध्ये कॅमेरा वगैरे. खाली एक ओळ होती, "आई, एवढं महिनाअखेरपर्यंत करून ठेव ना." पैशांबद्दल अवाक्षर नाही.

आजी लिहितात, "प्रश्न पैशांचा नाही. पण पेन्शनवर चालणाऱ्या घराचं महिन्याचं गणित कोलमडेल एवढा खर्च तिनं न विचारता गृहीत धरला, याचं वाईट वाटलं. आम्ही याच घरात दोन मुलं वाढवली. हिला लहानपणी एकदा इस्त्रीचा चटका बसला तेवढाच, बाकी काही झालं नाही. आमच्याकडे बाथटब नाही, तरी यादीत बाथटबची चटई आहे! हे तर म्हणतात, घर आहे की प्रयोगशाळा, माझ्या वडिलांच्या कपाटाला मी भोक पाडू देणार नाही. आमच्या विहीणबाईंनी मात्र कोणी न सांगता सगळं घेऊन ठेवलंय, वॉकरसुद्धा. जावई सहज बोलून गेले. आता घेतलं नाही तर आम्ही चिकट, आणि घेतलं तर मनात सल राहणार. हा खर्च नक्की कोणी करायचा?"

उत्तर

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यांत सोपा आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी देऊन टाकते. जे खरोखर घ्यावं लागेल त्याचा खर्च मुलीनं आणि जावयांनी करावा. नात तुमच्याकडे येणार ती सुट्टीला आलेली पाहुणी म्हणून येणार नाही. तिचे आईवडील कामावर असताना तिला सांभाळणं हे काम आहे आणि ते तुम्ही अंगावर घेताय. हेच दोन दिवस ती पाळणाघरात गेली असती, तर तिथल्या फाटकांचा आणि कुलपांचा खर्च फीमधून वसूल झालाच असता, फक्त तो वेगळा दिसला नसता. तुम्ही फी घेत नाही. वेळ देताय, पाठ देताय, गुडघे देताय. त्यावर सामानाचं बिलही तुमच्याच माथी मारणं बरोबर नाही.

पण एवढ्यावर थांबले तर हा मजकूर तुम्ही मुलीला पाठवून द्याल, "बघ, या बाईसुद्धा तेच म्हणतात" असं लिहून. तसं कृपा करून करू नका. पुढचं वाचा, कारण तुमच्या पत्रात काही गोष्टी अशा आहेत की त्या तुम्ही लिहिल्यात, पण लिहून झाल्यावर पुन्हा वाचल्या नसाव्यात.

बाथटबच्या चटईपासून सुरुवात करते. तुम्ही ती ओळ उद्गारचिन्ह लावून, थोडं चिडून लिहिली आहे. मला मात्र तुमच्या अख्ख्या पत्रात तीच ओळ सगळ्यांत दिलासा देणारी वाटली. तुमच्या डोळ्यांसमोर चित्र असं आहे, की मुलगी तुमच्या घरात मनानं फिरली, खोलीखोलीतल्या उणिवा टिपल्या आणि त्यांची यादी तुमच्या हातावर ठेवली. पण जिचं बालपण त्या घरात गेलं, तिला तिथं बाथटब नाही हे ठाऊक नसेल? तिनं तुमचं घर तपासलेलंच नाही. कुठलीतरी तयार यादी सापडली, ती तिनं जशीच्या तशी पुढं ढकलली. कधी ढकलली असेल याचा मला अंदाज आहे. रात्री दोनच्या सुमाराला, मांडीवर बाळ, एका हातात फोन. नऊ महिने जिला नजरेआड केलं नाही तिला ठेवून कामावर जायचं, या विचारानं पोटात गोळा आला की माणूस याद्या करत बसतो. यादी केली की काहीतरी आपल्या हातात आहे असं वाटतं.

म्हणून तिचं "करून ठेव ना" बरोबर ठरतं असं नाही. खर्चाचं न बोलता गृहीत धरलं ही तिची चूकच, आणि ती तिला सांगायला हवी. पण तिच्या मनात नसलेला अपमान तिच्या पदरात घालून सांगू नका.

आता दुसरी गोष्ट. "इस्त्रीचा चटका बसला तेवढाच." या वाक्यातला 'तेवढाच' मी दोनदा वाचला. तुमच्या लेखी तो प्रसंग संपला. तिच्या हातावर खूण अजून आहे का? असेल, तर ती खूण ती रोज बघते आणि आता तिच्याही घरात रांगतं मूल आहे. मी तुम्हाला दोष देत नाही. चटका न बसलेलं मूल क्वचितच सापडतं. पण "आम्ही मुलं वाढवली, काही झालं नाही" ही साक्ष जरा तपासून घ्यावी लागते. ज्यांच्या घरात काही झालं ती माणसं असं म्हणायला पुढं येत नाहीत, ती गप्प बसतात. आपल्या कानावर फक्त निभावून गेलेल्यांचंच बोलणं पडतं.

आणि घर तेच असलं तरी आतलं सगळं बदललंय. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी मूल जिन्याकडं निघालं की तुम्ही दोन ढांगांत पोचत होता. आता उठताना हात टेकावा लागतो. फाटक लावलं की तेवढे दहा सेकंद तुम्हाला जास्तीचे मिळतात, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय तेव्हा घरात इतकी रिमोटं नव्हती, चपट्या सेलवर चालणारे वजनकाटे नव्हते. आणि तेव्हा घरात तुमच्या दोघांच्या औषधांचा डबा नव्हता.

या डब्यापाशी मी जरा थांबणार आहे, कारण मुलीच्या चौदा वस्तूंत तो असेल असं मला वाटत नाही.

माझ्या भाचीचं बाळ पहिल्यांदा माझ्याकडे राहायला येणार होतं, तेव्हा मी मोठ्या आत्मविश्वासानं घर तयार करून ठेवलं होतं. काचेचं सगळं वर, फुलदाणी कपाटात. आदल्या संध्याकाळी सहज हॉलमध्ये फरशीवर बसले, मग म्हटलं आडवंच होऊन बघू, आणि पोटावर पडून सोफ्याखाली डोकावले. एक चपटा सेल, एक केसांची पिन. कपाटाच्या पायाला टेकून माझीच रक्तदाबाची अर्धी गोळी. तोडताना कधीतरी उडाली असेल, मी दोन मिनिटं शोधून सोडून दिली असेल. पांढरी, गुळगुळीत, रांगत्या मुलाच्या बरोबर डोळ्यांसमोर. उभ्यानं मला ती सात जन्मांत दिसली नसती.

रक्तदाब आणि मधुमेह यांवरच्या काही गोळ्या अशा असतात की एकच गोळी लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. आणि आपण त्या ठेवतो कुठं, तर उशाशी, जेवणाच्या टेबलावर, नाहीतर सात दिवसांचे सात कप्पे असलेल्या त्या प्लास्टिकच्या डबीत. ती डबी आपल्या दुखऱ्या बोटांना उघडावी अशीच बनवलेली असते, त्यामुळं मुलांच्या बोटांनाही ती उघडते. 'मुलांना न उघडणारं झाकण' म्हणून जे विकतात त्यावरही डोळे मिटून विसंबू नका. त्याच्या चाचणीत साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या मुलांपैकी किमान ८५ टक्के मुलांना पहिल्या ५ मिनिटांत ते उघडता आलं नाही, तर त्या टप्प्यावर झाकण पास होतं. म्हणजे उरलेल्यांना उघडता आलं तरी चालतं. झाकणामुळं वेळ मिळतो. कुलूप लागेल अशा कपाटाचं काम ते करत नाही.

चपट्या सेलचं तर विचारूच नका. २० मिलिमीटर व्यासाचा, नाण्यासारखा लिथियमचा सेल मुलानं गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. बाहेरून बरेचदा काही दिसत नाही. गिळल्याची शंका जरी आली तरी वाट बघत बसायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं. रिमोटचं मागचं झाकण सैल असेल तर आजच चिकटपट्टी लावा.

तेव्हा यादी हातात घेण्यापूर्वी तुम्ही आणि ते, दोघंही एकदा जमिनीवर बसा. बसवत नसेल तर फोन फरशीवर ठेवून व्हिडिओ घ्या आणि मग खुर्चीत बसून बघा. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासायला ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक छोटं नळकांडं वापरतात. त्यात जे पूर्ण मावतं ते गिळलं जाऊ शकतं, असा हिशेब. घरी तेवढं काटेकोर जमणार नाही, पण अंगठा आणि तर्जनीचं कडं साधारण तेवढं करून बघा. त्यातून जे जे खाली पडेल ते उचलून वर जायला हवं.

आता बघा, यातल्या कशालाही पैसे पडले नाहीत. औषधं कुलपात, सेल ड्रॉवरमधून काढून उंचावर, पडद्यांच्या दोऱ्या वर बांधून टाकलेल्या, बादल्या रिकाम्या करून पालथ्या. चार-पाच सेंटीमीटर पाण्यातही बाळ बुडू शकतं, आणि बुडताना आवाज होत नाही. गरम पाण्याच्या यंत्राचं तापमान कमी करता येत असेल तर ४९ अंशांच्या वर ठेवू नका. ६० अंशांच्या पाण्यानं मोठ्या माणसाची कातडीसुद्धा पाचेक सेकंदांत गंभीर भाजते, बाळाची त्याहून लवकर. बाथरूमच्या दाराला बाहेरून वरची कडी असतेच, ती लावायची सवय तेवढी करायची. माझा अनुभव असा, की आजीआजोबांच्या घरातला निम्म्याहून जास्त धोका अशा फुकटच्या कामांनीच जातो. आणि हे काम मुलीचं नाही हं, तुमचं आहे. तुमची औषधं कुठं असतात हे तुम्हालाच माहीत.

त्यानंतर यादी उघडा आणि आधी त्यातून काय काढून टाकायचं ते बघा. बाथटबची चटई गेलीच. सॉकेटला आत शटर असेल तर वरून झाकण लावायची गरज नसते, आणि सैल झाकण हाती लागलं तर मूल तेच तोंडात घालतं. कोपऱ्यांचा फोम चिकटवलेला असतो. मुलं तो उपटतात आणि चावतात. त्यापेक्षा टोकदार टीपॉय काही महिने आतल्या खोलीत नेऊन ठेवणं सोपं. कॅमेऱ्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. तुमच्या हॉलमध्ये दिवसभर चालू राहणारा आणि दुसऱ्याच्या फोनवर दिसणारा कॅमेरा हे सुरक्षेचं साधन नाही. तुम्ही तिथं राहता, तिथं तुमची मैत्रीण येते, तुम्ही दोघं भांडता. त्याला सरळ नाही म्हणा, आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. बाळ झोपतं त्या खोलीत आवाज ऐकू येणारं साधं यंत्र पुरतं, आणि त्याचा उपयोग तुम्हालाच जास्त. मुलीला बाळ बघावंसं वाटलं तर दुपारी एक व्हिडिओ कॉल करा.

एवढं वगळल्यावर चौदाच्या सहा-सात वस्तू उरतील. त्यांत दोन जाती आहेत आणि त्यांचा हिशेब वेगवेगळा करावा लागेल.

एक जात बाळाबरोबर येणारी आणि एक दिवस बाळाबरोबर जाणारी. घडीचा पलंग, उंच खुर्ची, कार सीट. या वस्तू मुलीच्या आहेत, फक्त तुमच्या घरात राहतील. खर्च तिचा, निवड तिची, मोठी झाल्यावर विकायच्या की कोणाला द्यायच्या तेही तिनं बघावं. कार सीट यांतली सगळ्यांत महागडी असते, तेव्हा आधी एवढंच विचारा, की आजोबा नातीला गाडीतून नेणार आहेत का. ने-आण मुलगीच करणार असेल तर दुसरी सीट लागतच नाही. न्यायचं असेल तर मात्र सीट हवीच, "जवळच तर जायचंय" म्हणून मांडीवर घेऊन नाही. कोणी जुनी सीट देऊ केली तर सीटवरची मुदत बघा. त्या सीटची गाडी कधी अपघातात सापडली होती का, हे देणाऱ्याला खात्रीनं सांगता येत नसेल तर नम्रपणे नको म्हणा. दिसायला धड असलेली सीटही आतून तडकलेली असू शकते. फाटक किंवा खुर्ची जुनी घ्यायला माझी हरकत नाही, सगळे भाग आणि स्क्रू जागेवर असले म्हणजे झालं.

दुसरी जात तुमच्या भिंतीत स्क्रू मारून बसणारी. खरी कुरबुर इथंच आहे आणि ती पैशांपेक्षा भिंतीची आहे. माझं म्हणणं असं, की काय हवं ते आईवडिलांनी सांगावं, कुठं आणि कसं बसवायचं ते घरवाल्यांनी ठरवावं, आणि बसवण्याचा खर्च, शिवाय पुढं काढल्यावर भोकं बुजवून रंग लावण्याचा खर्च, आईवडिलांनी द्यावा. हे शेवटचं आधीच बोलून घ्या. फाटक लावताना सगळे हजर असतात, काढताना कोणी नसतं.

जिन्याच्या वरच्या टोकाचं फाटक स्क्रूनं भिंतीला बसवलेलंच हवं. दोन भिंतींमध्ये नुसतं दाबून बसवायचं जे फाटक मिळतं, ते खाली किंवा स्वयंपाकघराच्या दाराला ठीक. वरती नको. रेटा बसला तर ते सुटू शकतं, आणि त्याची तळाची पट्टी पायात येते. कडेवर बाळ असताना जिन्याच्या तोंडाशी अडखळणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

इथं एक बारीक गोष्ट आहे जी कोणीच विचारात घेत नाही. खर्च मुलीचा असला तरी ते फाटक दिवसातून तीस वेळा उघडणार तुमचा हात. मुलांना उघडू नये म्हणून केलेली कळ सांधे धरलेल्या अंगठ्यालाही उघडत नाही. मग काय होतं? पहिल्या दिवशी आपण खटपट करून उघडतो, तिसऱ्या दिवशी आजोबा ते ओलांडून जातात, आणि घरातला पहिला अपघात बाळाचा न होता आजोबांचा होतो. तेव्हा फाटक निवडायला मुलीबरोबर जा आणि एका हातानं, दुसऱ्या हातात पिशवी धरून, स्वतः उघडून बघा. जमलं तरच घ्या.

आता कपाट. तुमच्या यजमानांच्या रागाला मी हसणार नाही. वडिलांच्या हातची वस्तू आहे, तिला भोक पाडायचं म्हटल्यावर कोणालाही लागेल. पण उभं कपाट, विशेषतः खाली ड्रॉवर असलेलं, मुलांना शिडीसारखं दिसतं. दोन ड्रॉवर ओढून त्यावर पाय ठेवला की सगळं वजन पुढं येतं आणि कपाट अंगावर कोसळतं. नात आज रांगतेय, काही महिन्यांत धरून उभी राहील, मग चढेल. पट्टा लागतो तो कपाटाच्या पाठीला, जी बाजू भिंतीकडं असते आणि जी त्यांनीसुद्धा कित्येक वर्षांत पाहिली नसेल. तेही नको असेल तर ते कपाट जिथं आहे ती खोली नातीला बंद. हा पर्यायही पुरेसा आहे, फक्त तो अर्धवट पाळता येत नाही. निर्णय त्यांना घेऊ द्या. दोन्ही पर्याय समोर ठेवा आणि गप्प बसा. तिसरा पर्याय, "काही होत नाही", तो मात्र मी ठेवलेला नाही.

विहीणबाईंचं राहिलं. खरं सांगू? तुमच्या पत्रातला सगळ्यांत मोठा सल मला तिथंच दिसतो. त्यांनी घेतलं आणि आपण घेतलं नाही, म्हणजे नातीवर त्यांचा जीव जास्त, असं कोणी म्हटलेलं नाही. जावई सहज बोलले ते तुम्ही सहज ऐकलं नाहीत, इतकंच. त्यांनी हौसेनं खरेदी केली, तुम्ही आठवड्यातले दोन अख्खे दिवस देऊ केलेत. या दोन गोष्टी एका तराजूत घालायच्याच कशाला? शिवाय हौसेनं केलेली खरेदी आणि सुरक्षितता एकच नव्हे. तो वॉकरच घ्या. चाकं लावून मुलाला उभं करणारा वॉकर कॅनडानं २००४ मध्ये बंद केला, जुना विकायलाही तिथं मनाई आहे. कारण त्यात बसलेलं मूल डोळ्याचं पातं लवायच्या आत जिन्यापर्यंत पोचतं, आणि त्यानं लवकर चालायला येतं ही समजूतही खरी नाही. तुमच्याकडे वॉकर नाही हे उत्तमच आहे. पण हे तुम्ही विहीणबाईंना सांगायला जाऊ नका! मुलीला एकदा सांगा, पुढं काय करायचं ते त्या दोघांना बघू द्या.

त्यांच्याकडचा पाळणा कुणाच्या माळ्यावरचा जुना असेल तर तोही मुलीनं एकदा बघावा. दोन गजांमधलं अंतर सुमारे ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. एक बाजू खाली सरकणारे पाळणे अमेरिकेत २०११ पासून विकता येत नाहीत, कारण ती बाजू निखळून मुलं फटीत अडकत होती. आणि पलंग कोणाच्याही घरचा असो, नवा असो की जुना, बाळ उताणं झोपवायचं आणि आजूबाजूला उशी, दुलई, मऊ खेळणी काही नाही. हे वाचून तुमचा हात नकळत उशीकडं गेला असेल. आपल्या वेळी पोटावर झोपवायला सांगत, मलाही सांगितलं होतं. तो सल्ला १९९० च्या दशकात बदलला.

आणखी एक पर्याय आहे, जो तुमच्या पत्रात कुठंच नाही. ते दोन दिवस तुम्हीच मुलीकडं गेलात तर? तिचं घर आधीच तयार आहे, पलंग आहे, फाटक आहे. एकही वस्तू दोनदा घ्यावी लागणार नाही आणि कपाट शाबूत राहील. तोटाही मोठा आहे. जाण्यायेण्याची दगदग, स्वतःच्या घरातली दुपारची डुलकी गेली, स्वयंपाकघर दुसऱ्याचं, आणि आजोबांना तिकडं करमणार नाही. मी तुमच्या जागी असते तर पहिले दोन महिने तसं करून पाहिलं असतं. नात तुमच्या अंगावर रुळेल, तिला काय सुचतं, ती कशावर चढते ते कळेल. मग तुमच्या घरात नक्की काय लागतं ते यादीशिवायच समजेल.

मुलीशी बोलायचं कसं? पैशांचा विषय खरेदीआधी, आणि एकाच वाक्यात काढा. "पैशांचा प्रश्न नाही" अशी सुरुवात मात्र करू नका, कारण तो थोडा आहे, आणि असला तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी असं काहीसं लिहिलं असतं: "तुझी यादी वाचली. औषधं आणि बाकीची आवराआवर आम्ही या आठवड्यात करतो. जिन्याचं फाटक, पलंग आणि पट्टे तुम्ही दोघांनी घ्या, आमच्या पेन्शनमध्ये ते बसणार नाही. फाटक बघायला मी बरोबर येते. कॅमेरा नको. रविवारी एकटी ये, घरातून एक चक्कर मारू आणि तुला कशाची भीती वाटते ते दाखव." यात रडगाणं नाही, टोमणा नाही, आणि शेवटच्या वाक्यात तिला जे हवंय तेही आहे.

तिचीही ओढाताण असू शकते. रजा बिनपगारी गेली असेल तर तिच्याकडेही या महिन्यात पैसे नसतील. अशा वेळी निम्मं-निम्मं करण्यापेक्षा यादी आणखी छोटी करा आणि आधी जिना सांभाळा. तुम्हाला नातीसाठी काही घ्यावंसं वाटलंच तर एक वस्तू निवडा आणि ती खुशीनं द्या. उंच खुर्ची छान, रोज डोळ्यांसमोर राहते. पण पाठीमागून त्याचा हिशेब ठेवायचा असेल तर घेऊच नका.

या निमित्तानं इतर वाचकांनाही थोडं सांगते, कारण उलट बाजूची पत्रंही माझ्याकडे पडून आहेत. तुम्ही बाळाचे आईवडील असाल आणि वर्षातून दोनदा चार-चार दिवस आजीआजोबांकडे जात असाल, तर त्यांच्याकडून काही घेण्याची अपेक्षा धरू नका. घडीचा पलंग बरोबर न्या, पोचल्यावर पहिला अर्धा तास आवराआवरीत घाला, आणि ते चार दिवस बाळामागं तुम्ही फिरा. आजीआजोबा काहीच बदलायला तयार नसतील, तर तिथं बाळाला एकटं ठेवू नये, पण जाणं बंद करून त्यांना शिक्षाही देऊ नये. आणि नातवंडं दोन-तीन मुलांची मिळून पाच असतील, तर जिन्याचं फाटक हा सगळ्या भावंडांचा सामाईक खर्च. धाकट्याला मूल उशिरा झालं म्हणून पहिल्यानंच सगळं भरावं, हे काही खरं नाही. स्वतःच्या हौसेनं, नातवंडं वारंवार यावीत म्हणून घर सजवणाऱ्या आजीआजोबांना मात्र मी अडवणार नाही, त्यांनी खुशाल स्वतःच्या खिशातून करावं. फक्त काय घ्यायचं ते आईवडिलांना विचारून.

तुमच्याकडे परत येते. रविवारी मुलगी येईल तेव्हा तुम्ही पुढं होऊ नका, कपाटाच्या खोलीत तिला आणि तिच्या वडिलांना दोघांनाच जाऊ द्या. ते कपाट पुढं ओढायला तसंही दोन माणसं लागतील. भोक पाडायचं ठरलं तर पेन्सिलनं खूण त्यांनाच करू द्या.

आणि इस्त्री सध्या कुठं असते? खिडकीच्या कट्ट्यावर, वायर खाली लोंबत? ती आजच वरच्या फळीवर जाऊ द्या, वायर गुंडाळून.